एक्सचेंजबाईंचा रेडिओ

बाईंनी रेडिओ उचलला, उलटा केला आणि त्याच्या तळाला उजवा कान लावला.

“मावशी, आवाज पुढून येतो,” दुकानदार म्हणाला.

“आवाज कुठून येतो ते मला कळतं. घरघर कुठून येते ते बघतेय.”

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला आणि बाईंच्या लेकीकडे पाहिलं. लेकीने नुसते खांदे उडवले. आईबरोबर खरेदीला यायचं म्हणजे दुकानदाराच्या वाटचं ओशाळणंसुद्धा आपणच ओशाळायचं, याची तिला लहानपणापासून सवय होती.

जुने लोक बाईंना अजून एक्सचेंजबाई म्हणत. टेलिफोन एक्सचेंज बंद पडून त्या जागी गाद्यांचं गोदाम झालं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. लाइन जोडून द्यायची, दोन्हीकडची माणसं बोलायला लागली की नाही एवढं क्षणभर ऐकायचं आणि बाजूला व्हायचं, हे त्यांचं काम. पण त्या क्षणभरात बाईंना पुष्कळ कळायचं. कोण खरंच आजारी आहे आणि कोण रजेसाठी कण्हतंय, कोण परगावी आहे आणि कोण दोन गल्ल्या पलीकडून ‘परगावी आहे’ म्हणतंय. कळलेलं मात्र एक्सचेंजच्या दाराबाहेर न्यायचं नाही, हा नियम होता, आणि तो त्यांनी कसोशीने पाळला. संशय घ्यायची खोड तेवढी त्यांच्याबरोबर घरी आली. दूधवाला, वायरमन, शेजारीण, कोणी त्यातून सुटलं नाही. होणाऱ्या जावयाचा आवाज पहिल्यांदा फोनवर ऐकला तेव्हा “हा माणूस काहीतरी लपवतोय” असं त्यांनी जाहीर केलं होतं. बिचाऱ्याला सर्दी झाली होती.

आज त्या लेकीवरच नजर ठेवून होत्या. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी ही मुलगी घरात लग्नकार्य असलं तरी सुट्टी काढताना कुरकुरायची. आणि आज, आईला एक रेडिओ घ्यायचा म्हणून, आपण होऊन सुट्टी काढून हजर. वर रिक्षासुद्धा तिनेच बोलावली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

काउंटरवर दोन रेडिओ होते. एक डब्यासारखा चौकोनी, त्याच्याबरोबर पाटीएवढा घडीचा अँटेना. दुसरा गोल कडांचा, पुढे छोटा पडदा असलेला.

“हा सॅटेलाइटवाला,” दुकानदाराने डबा पुढे सरकवला आणि अँटेना उघडून खिडकीच्या कट्ट्यावर आभाळाकडे तोंड करून ठेवला. जरा खरखर झाली आणि कोणीतरी स्वच्छ आवाजात बातम्या वाचायला लागलं. “इंटरनेट नको, काही नको. गच्चीत न्या, डोंगरावर न्या. आभाळ दिसलं की झालं.”

“स्टेशनं कुठली येतात?”

“ठरलेली. उपग्रहावरून जेवढी पाठवतात तेवढीच. गाणी, बातम्या, आरोग्याची माहिती. भरपूर आहेत, मावशी, पुरून उरतील.”

“आणि ह्यात?”

“ह्यात काय, जगातलं काहीही! इंटरनेटवर असलेलं कुठलंही स्टेशन. नाव टाकायचं की—”

“आई, तो नको,” लेक एकदम म्हणाली. “तो सारखा अडकतो. आणि तुझ्याकडे वायफाय कुठंय?”

“वरच्या मजल्यावरचे देतो म्हणालेत.”

“दुसऱ्यांचं कशाला घ्यायचं? उद्या त्यांनी पासवर्ड बदलला की बसशील ठोकळा बघत. पहिलाच बरा आहे. दिसायलाही छान आहे.”

बाईंनी चौकोनी डब्याकडे पाहिलं. तो दिसायला छान आहे असं त्याच्या कारखानदारालाही वाटलं नसतं.

“तुला बरंच कळायला लागलं गं रेडिओतलं. दवाखान्यात दात काढतात की रेडिओ उघडतात?”

दुकानदार हसला. लेक हसली नाही. तिने ओढणी उगाचच सारखी केली.

घरात बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, दुपारचा वेळ जात नाही, हातात घेऊन फिरता येईल असा रेडिओ हवा. ते खोटं होतं. त्यांना एकच स्टेशन ऐकायचं होतं. त्यांचा धाकटा दूरदेशी एका छोट्या स्टेशनवर आपल्या भाषेतला सकाळचा कार्यक्रम करायचा. तिकडे सकाळ असे तेव्हा इकडे दुपार. “कार्यक्रम थेट असतो, आई,” त्याने बजावून ठेवलं होतं, “तेवढ्या वेळात फोन करू नकोस. मलाही घेता येणार नाही आणि करताही येणार नाही.” ही गोष्ट त्या इतक्या जणांना इतक्या वेळा सांगत, की त्यांच्याकडे कोणी दुपारी आलं तर आपोआप हळू बोलायचं.

पूर्वी त्याचा फोन आला की त्याच्यामागे काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. दारंखिडक्या लावून, भिंतींना गादी लावून बंद केलेल्या खोलीतली शांतता. बाईंना ती ओळखता येई आणि आवडे. गेले काही महिने मात्र मागे ट्रे आपटत होते, नळ धो धो वाहत होता, कोणीतरी ओरडून नंबर पुकारत होतं. विचारलं तर म्हणे, कँटीनमध्ये बसलोय. दर खेपेला कँटीन? त्यातून दोनदा ठरलेलं घरी येणंही त्याने पुढे ढकललं होतं, कार्यक्रम सोडून निघता येत नाही म्हणून. लेकीच्या फोनवर ते स्टेशन लावायला सांगावं तर ते कधी लागतच नसे.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. नोकरी गेली असेल तर गेली, त्याचं त्यांना एवढं नव्हतं. पण पोरगं परक्या ठिकाणी एकटं काय खातं, कुठे निजतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे आईला सांगायला त्याला तोंड का चोरावं लागतं, या विचाराने ताटावर बसलं की त्यांचा घास अडकायचा. असं झुरत राहण्यापेक्षा आज सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवूनच त्या बरोबर कार्यक्रमाची वेळ साधून निघाल्या होत्या.

“हा लावून दाखवा,” त्या पडद्याच्या रेडिओवर बोट ठेवून म्हणाल्या.

“आई, अगं—”

“बघायला काय जातंय?”

त्यांनी स्टेशनचं नाव सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून, पूर्वी परगावचे नंबर सांगायच्या तसं. दुकानदार चष्मा डोळ्यांवर घेऊन ते टाकायला लागला. बाईंची नजर लेकीकडे गेली. तिने मान खाली घातली होती आणि तिचा अंगठा फोनवर भराभर चालत होता.

“मिळालं!” दुकानदार म्हणाला.

आधी वाद्यांचा एक तुकडा वाजला. तो विरत गेला आणि त्याच्यावर एक आवाज उमटला.

“...आणि बस चुकली असेल तर चुकू दे. मागून दुसरी येईल. तोवर तुमच्या सोबतीला मी आहे इथे.”

बाईंनी काउंटरची कड धरली. त्याचाच होता. ‘इथे’ म्हणताना शेवटी किंचित हसण्याची लकब होती तशी होती. मागे तीच गादीच्या भिंतींची शांतता. तो परदेशी गेल्यापासून त्यांनी हा आवाज फक्त फोनच्या चिमट्यात धरलेला ऐकला होता. असा मोकळा, सगळं दुकान भरून टाकणारा, कधीच नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि पाठोपाठ स्वतःची लाजही वाटली. पोरगं तिकडे राबतंय, लोकांना धीर देतंय, आणि आपण इथे त्याच्यावर पाळत ठेवायला रेडिओ शोधत हिंडतोय.

“मुलगा माझा,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. “आत्ता, ह्या घटकेला बोलतोय. थेट असतं सगळं.”

“काय सांगता! अहो, काय गोड आवाज आहे.”

लेक खिडकीकडे तोंड करून उभी होती.

तेवढ्यात बाईंच्या पिशवीतला फोन वाजला. बटणांचा जुना फोन, त्याची घंटा अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. त्यांनी तो बाहेर काढला, पडदा दूर धरून वाचला आणि मग पुन्हा एकदा वाचला.

दोन्हीकडून एकदम लाइन आली की हात आपोआप चालतात, डोकं मागून येतं. बाईंनी उजव्या हाताने फोन उजव्या कानाला लावला आणि डाव्या हाताने रेडिओचा आवाज पार बारीक करून तो डाव्या कानाशी धरला. एका लाइनीतलं दुसरीत जाऊ द्यायचं नाही.

“आई, कुठे आहेस?” उजव्या कानात मुलगा म्हणाला. त्याला दम लागला होता. मागे ट्रे आपटत होते.

“बाजारात. काय रे, आत्ता कसा फोन?”

“सहज. ताई म्हणाली, रेडिओ घेतेयस. आई, इंटरनेटवाला घेऊ नकोस हं. आमचं स्टेशन त्यावर नीट लागत नाही. बोलता बोलता मध्येच तुटतं.”

डाव्या कानात तोच मुलगा कोणालातरी वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होता. मोकळा हसत होता. म्हणजे हे जुनं, साठवून ठेवलेलं रेकॉर्डिंग. कधी हसला असेल तो असा, गेल्या वर्षी?

“हो का,” बाई म्हणाल्या. “कार्यक्रम कसा चाललाय?”

“मस्त. आता सुरूच होईल. आज जरा उशिरा आहे.”

मागे कोणीतरी नंबर पुकारला. मग त्याच माणसाने त्याला हाक मारली, आणि ती हाक काही निवेदकाला मारतात तशी नव्हती. मुलाने फोनवर हात ठेवला असावा, कारण तिकडचे आवाज एकदम बुजले.

बाई उभ्या होत्या. खोटारड्या, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. इतक्या महिन्यांचा संशय खरा ठरला होता, आणि त्यांना त्याचा जराही आनंद झाला नाही. तिकडे एक पोर कामाच्या धबडग्यातून धावत येऊन आईला रेडिओ घेण्यापासून थोपवत होतं, आणि इकडे दुसरं खिडकीकडे तोंड करून श्वास रोखून उभं होतं. दोघांनी मिळून त्यांच्यासाठी एवढं जपलेलं ते, आणि मुलाने एक फोन करून स्वतःच्याच हाताने उघडं पाडलेलं.

“आई? आहेस ना?”

“आहे. ऐक, तुझ्या खोलीला रंग काढायचाय. माणूस बोलावलाय मी.” माणूस कोणी बोलावला नव्हता. “पांढराच देते, तुला आवडतो तसा. तू ये आता.”

“येतो गं. कार्यक्रमाचं जरा—”

“कार्यक्रम असला तरी ये,” बाई म्हणाल्या, “आणि नसला तरी ये.”

उजव्या कानात ट्रे आपटत राहिले. डाव्या कानात गाणं सुरू झालं होतं.

“आई,” मुलगा म्हणाला.

“ठेव आता. कामावर आहेस ना? जेवून घे वेळेवर.”

त्यांनी फोन पिशवीत टाकला, रेडिओ काउंटरवर ठेवला आणि त्याचं बटण बंद केलं. दुकानदार दोन्ही हात एकमेकांवर चोळत पुढे आला.

“मग काय, हाच बांधू ना मावशी? आता तर प्रश्नच नाही!”

“नको. तो डबा द्या, सॅटेलाइटवाला.”

“पण त्याच्यावर मुलाचं स्टेशन लागायचं नाही. मघाशीच सांगितलं मी तुम्हाला.”

“ह्याच्यावर तरी कुठे धड लागलं? मध्ये मध्ये तुटत होतं.” बाई लेकीकडे वळल्या. “तू म्हणत होतीस ते बरोबर आहे गं. अडकतो तो.”

लेकीने वळून पाहिलं. नाकाचा शेंडा लाल झाला होता. दुकानदाराने तोंड उघडलं, कारण त्याच्या दुकानात काहीही तुटत नव्हतं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो अँटेनाची घडी घालायला लागला.

बाहेर ऊन होतं. लेकीने खोकं छातीशी धरलं होतं आणि रिक्षा बघायचं सोडून ती तशीच पायरीवर उभी होती. बाईंनी खोकं तिच्या हातातून काढून घेतलं.

“फोन काढ,” त्या म्हणाल्या. “त्याला कळव, आईने सॅटेलाइटवाला घेतला म्हणून. जीव टांगणीला लागला असेल त्याचा.”