सातवा हात

वस्तीतल्या सात जणींनी मिळून दप्तरं शिवायचा कारखाना काढला, तेव्हा दोन नियम केले. दोन्ही नियम त्यांच्यातल्या वहिनींच्याच डोक्यातले. आपलं दप्तर कधीही उसवलं, फाटलं, तरी ते फुकट नीट करून द्यायचं. आणि सातही हात वर गेल्याशिवाय कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. "बाहेर एकाची मर्जी आणि बाकीच्यांची मान खाली," असं त्या म्हणायच्या, "इथं तसलं नको."

त्याला सोळा वर्षं झाली. आज दुपारी सहा हात वर होते आणि वहिनींचा मांडीवर होता.

मोठ्या रस्त्यावरचा कारखानदार सगळी मशीनं घ्यायला आणि पाच जणींना कामावर ठेवायला तयार होता. होकार मात्र त्याला संध्याकाळच्या आत हवा होता. वय झालेल्या दोघी, म्हणजे वहिनी आणि मावशी, त्याला नको होत्या. तरी मावशींचाही हात वरच होता, आणि वहिनींना तेच जास्त लागलं होतं.

"वहिनी, हात भरून आला हो," सातांतलीच त्यांची नणंद म्हणाली. शिवणात ती वहिनींच्या तोडीची, आणि तोंडाने तर विचारूच नका. "करा ना एकदाचा वर."

"वन्सं, शाळा सुरू होतील आता. एवढा एक हंगाम बघू."

"गेल्या वर्षी काय शाळा बंद होत्या? सगळे आले, पट्टे बदलून घेऊन गेले. नवं दप्तर मागितलं कुणी?"

वहिनींना ते ठाऊक होतं. जाड कापड, दुहेरी शिवण, तळाला अस्तर. दप्तर टिकलं पाहिजे म्हणून त्यांनीच एकेकीच्या मागे लागून टाके उसवायला लावले होते. आता ती दप्तरं थोरल्याकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून शेजाऱ्याकडे जात होती आणि मरायचं नाव घेत नव्हती.

तेवढ्यात दारात एक तरुण बाई आली. सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी, आणि मुलीच्या पाठीवर निळं दप्तर. कोपऱ्यावरची तिरकी शिवण वहिनींनी लांबूनच ओळखली. ती त्यांच्याच हातची होती.

"माझं आहे हे, शाळेतलं," बाई कौतुकाने म्हणाली. "आता हिला दिलं. फक्त चेन अडकते."

वहिनींनी चेन बदलली, दोनदा सरकवून पाहिली.

"किती द्यायचे?"

"काही नाही. आमचंच दप्तर आहे."

"असं काम आता कुठं मिळत नाही हो, आजी. हिच्या मुलांनासुद्धा पुरेल हे!"

एरवी असं कुणी म्हटलं की वहिनींना दिवसभर पुरायचं. आज ते टोचलं. मुलगी उड्या मारत गेली आणि वहिनी आत वळल्या.

सहाही जणी आता हात खाली घेऊन बसून होत्या. कुणी रागावलं नव्हतं, कुणी आवाज चढवला नव्हता. आपल्या एकीच्या मर्जीसाठी या सहा जणी मान खाली घालून बसल्यात, हे वहिनींना दिसलं आणि स्वतःची लाज वाटली.

त्यांनी हात वर केला. मग बाकीचे हात वर गेले. नणंदेचा सगळ्यात शेवटी.

"सात," मावशी म्हणाल्या.

सगळ्यांचे हात खाली आले, वहिनींचा तसाच राहिला. शेवटी नणंद उठली, तिने तो हात धरून हळूच खाली घेतला आणि म्हणाली, "झालं, वहिनी."