रोजचं पाणी

नखाखाली पांढरी पापडी निघाली—ओलसर, बोटाला चिकटणारी. म्हणजे चुना कालचाच. बाकीच्या तीन भिंती काळवंडलेल्या, आणि ही कोपऱ्यातली तेवढीच का उजळली?

'पावसाची ओल होती जी तिथं. तुमी येनार म्हून हात मारला,' भय्याजी दारातून म्हणाला. ताराने काही विचारलंच नव्हतं. न विचारता उत्तर देणारा माणूस...

शहराच्या कडेच्या कोहका वस्तीतली ही शेड त्याची. इथे तो वर्षानुवर्षं ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करत आला. आता सगळं विकून गावी जायचं म्हणत होता. ताराला जागा हवी होती पापड-मसाल्यांसाठी. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरात मिरची कुटली की शेजारपाजारचे खोकत भांडायला येत. इथे कांडपयंत्र बसेल, पाच-सहा बाया कामाला येतील, त्यांची लेकरं अंगणात खेळतील—आणि नेमका अंगणातच नवा मुरूम पसरलेला. कशावर?

'बॅटरीवाल्याची जागा आहे, तारा,' सकाळी स्कूटरला किक मारता मारता तिचे यजमान श्यामराव म्हणाले होते. ते प्लांटच्या लॅबमध्ये कामाला; भोपाळची वायुगळती झाल्यापासून कुठल्याही बंद शेडकडे सरळ नजरेने बघतच नसत. 'शिसं जमिनीत मुरते, विहिरीत उतरते. वास नाही, रंग नाही. पानी तपासल्याबिगर हो म्हनू नको.'

तिने काडीने मुरूम उकरला. खाली राखेसारखी काळी माती, नाकाला झोंबणारी.

'कावून उकरून राहिले बाई? जमीन घेता का खजिना शोधता?' भय्याजी हसला. जरा जास्तच हसला, असं तिला वाटलं.

'विहिरीचं पाणी न्यायचंय. तपासायला.'

आता म्हणेल दोर तुटला, आता म्हणेल गाळ आहे... ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पण त्याने निमूट बादली सोडली, लोटा भरला आणि तिच्यादेखत घटाघटा रिकामा केला.

'हेच पितो रोज. याच्यातच रांधतो. भरोसा नाही का तुमाले?'

नाटक! किती सफाईचं—अन् तेवढ्यात त्याने तोंड पुसलं, उन्हात ओठ वर सरकला, आणि हिरड्यांच्या कडेने गेलेली निळसर रेघ तिला दिसली. शिसं अंगात साचलं की अशी रेघ उमटते, हे श्यामरावांनीच कधीतरी जेवताना सांगितलं होतं. तिने तेव्हा नुसतं हं म्हटलं होतं. लोटा पुन्हा भरताना भय्याजीचं मनगट लुळं पडलं. त्याने दुसऱ्या हाताचा आधार दिला.

'अलीकडं हातात जोर नाही राहिला,' तो ओशाळून म्हणाला. 'पोटातही मुरडा येते. गावची हवा लागली का होईल बरं.'

त्याने लोटा तिच्यापुढे धरला. पाणी नितळ होतं, थेट तळ दिसणारं. सकाळपासून जपलेला संशय ताराच्या हातातून निसटून भलतीकडेच निघाला होता... हा माणूस खोटं बोलत असू दे, तिला कळवळून वाटलं. रोज पितो म्हणाला, ते तरी खोटं निघू दे.