भाऊ लांडगा आणि गंगारामांचे बोंबील

सुज्ञ वाचकहो, भाट्ये गावातील एका सज्जन गृहस्थाच्या अंतःकरणात मत्सराने बिऱ्हाड कसे थाटले आणि त्याची परिणती कशात झाली, तो वृत्तांत मी यथामती निवेदन करीत आहे. शांत चित्ताने वाचावा.

गंगाराम हे आयुष्यभर मासेमारी होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख होते. गुडघे थकल्यावर समुद्र सुटला, परंतु गोष्टी सुटल्या नाहीत. दर शनिवारी सायंकाळी घराच्या ओट्यावर आळीतील मुले जमवून ते वादळाची आणि देवमाशाची कथा रंगवून सांगत. पत्नी निवर्तल्यापासून तो शनिवार हाच त्यांचा सगळा आठवडा होता.

अशात समोरच्या घरी रेजिनाबाई फर्नांडिस या सेवानिवृत्त परिचारिका राहावयास आल्या. त्यांच्या अंगणात संत फ्रान्सिसच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि गंगारामांचा ओटा ओस पडला.

"आजोबा, आज नाय," धावता धावता आळीतील सानवी म्हणाली. "पुढच्या शनवारी तर बाईंकडं लांडगा येणाराय."

"माझ्याकडं देवमासा हाय ना गो."

"तो दर शनवारी तोच असतो."

हे शब्द गंगारामांच्या काळजात गळासारखे रुतले. ते बाईंच्या कुंपणाआड उभे राहून ऐकू लागले.

"फ्रान्सिस इटलीतल्या असिसी गावच्या श्रीमंत कापडवाल्याचा मुलगा," रेजिनाबाई सांगत होत्या. "त्यानं सगळं सोडलं. अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांना परत दिले. मग जो भेटेल तो त्याचा भाऊ, नाहीतर बहीण. पाखरांशीही तो बोलायचा, आणि बोलणं संपेपर्यंत ती उडायची नाहीत म्हणतात."

"बांगडापण भाऊच?" मुझम्मिलने विचारले. "मग आमी खायचा कसा?"

"तोही जेवायचा रे. पण गरजेपुरतं घ्यायचा, आणि आधी आभार मानायचा."

मुले हसली. गंगारामांच्या मनात आले, तिच्या संतापुढे रानातली पाखरे बसतात, आणि आपल्यापुढे शेजारची पोरे बसेनात! त्या रात्री त्यांना अन्न गोड लागले नाही.

पुढील शनिवारी बाई बाजारात गेल्या असता गंगारामांनी त्यांच्या अंगणातील सतरंजीखाली सुके बोंबील सरकवले. मांजरे येतील, ओरबाडतील, मुले पळतील आणि कथेचा विचका होईल, असा त्यांचा हिशेब होता. उरलेले बोंबील सदऱ्याच्या खिशात कोंबून ते ओट्यावर मौज पाहत बसले.

"गुब्बिओ गावाबाहेर लांडगा उभा होता," रेजिनाबाईंनी आरंभ केला. "फ्रान्सिस एकटाच पुढे गेला आणि म्हणाला, भाऊ लांडग्या, इकडे ये."

नेमकी त्याच क्षणी कुंपणावरून मांजरे उतरली आणि सतरंजी हुंगत मुलांच्या मधोमध येऊन बसली.

"बाई, ही ऐकायला आली," सानवी कुजबुजली. कोणीही हलले नाही. ओट्यावर गंगारामांचे तोंड कडू झाले. स्वतःच्या हातांनी त्यांनी शत्रूच्या मस्तकी मुकुट ठेवला होता.

रेजिनाबाईंनी सतरंजीचे टोक उचलून पाहिले, मग ओट्याकडे पाहिले.

"गोष्टीला नाही आली गो, भुकेनं आली," त्या म्हणाल्या. "तो लांडगाही भुकेलाच होता, म्हणून गावावर धावून जायचा. फ्रान्सिसनं त्याला मारलं नाही. गावकऱ्यांना सांगितलं, ह्याला दारोदार जेवायला घाला. मग तो कुणाला चावला नाही." एवढे बोलून त्यांनी आवाज चढवला. "गंगारामभाऊ, तिकडे उपाशी का बसलात? या."

"मला भूक नाय."

"पोरांची असेल."

सानवीने सरकून जागा केली, तेव्हा गंगाराम खाली मान घालून आले आणि टेकले.

सतरंजीखालचे बोंबील संपताच मांजरे त्यांच्या मांडीवर चढली आणि खिसा हुंगू लागली. पाठोपाठ मुलेही त्यांच्याभोवती गोळा झाली.

"आजोबा, तुमीपण संत काय?" मुझम्मिलने विचारले.

गंगारामांचा ऊर भरून आला. त्यांनी लगेच देवमासा काढला. परंतु वादळ येण्यापूर्वीच त्यांच्या ध्यानात आले, मुलांचे हात मांजरांच्या पाठीवर आहेत आणि डोळेही तिथेच. त्यांनी मांडीवरील लठ्ठ मांजर हळूच ढकलले. मांजर परत येऊन बसले.

"मेल्या, माझी पोरं हायत ही," गंगाराम त्याच्या कानात पुटपुटले.

मत्सराने त्यांचे घर सोडले नाही, केवळ रोख बदलला. तरी पुढील शनिवारी गंगाराम बाईंच्या अंगणाकडे निघाले, ते दोन्ही खिसे बोंबिलांनी भरूनच.

हा अल्प वृत्तांत येथे पूर्ण होतो. आपण अमूल्य वेळ देऊन तो वाचलात, याबद्दल वाचकांचा मी अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
हर्षद रावजी पावसकर