शिंपीकाकांच्या पत्राची वही

मी शंभर पानांची साधी वही बोलतेय. माझ्या आयुष्यात मोठं काही घडलं नाही. एकदा मात्र जीव टांगणीला लागला होता, तेवढं सांगते.

माझे मालक शिंपीकाका. वय सत्तर, शाळा चौथीपर्यंत. त्यांची नात परदेशात वाढलेली, तिला मराठी येत नाही. तिनं इंग्रजी पत्रात विचारलं, 'आजोबा, सुट्टीत तुमच्याकडे राहायला येऊ का?' पत्र शेजाऱ्यानं वाचून अर्थ सांगितला. उत्तर मात्र स्वतःच लिहायचं, म्हणून काकांनी इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं आणि मला विकत घेतलं.

वर्गातल्या बाईंची एक रीत होती. लिहून झालं की वह्या बदलायच्या, शेजाऱ्याचं वाचायचं आणि कळलं नाही ते विचारायचं. काकांच्या शेजारी बेकरीवाल्या ताई बसत. वडीलधाऱ्यांच्या लिहिण्यात खोट कशी काढायची? त्या दर वेळी 'छान' लिहीत. काकाही त्यांच्या वहीत 'छान' लिहीत. दोघंही खूश.

पत्राचा कच्चा मजकूर तयार झाला. ताईंनी पुन्हा 'छान'साठी पेन्सिल उचलली. माझ्या पोटात काय नाही ते मला ठाऊक होतं, पण मी कशी बोलणार?

तेवढ्यात काका हळूच म्हणाले, "पोरी, गिऱ्हाईक कच्च्या शिलाईत कोट घालून बघतं आणि भिडेखातर 'बसतो, बसतो' म्हणतं. मग तो कोट जन्मभर कपाटात लटकतो. या पत्राचं तसं नको. खुपतं ते बोल."

ताईंनी दोनदा वाचलं. "रागावू नका काका. शिलाई मशीन आलं, गुडघा आला, शेजाऱ्याचं मांजरसुद्धा आलं. पण ती विचारतेय, येऊ का. त्याचं उत्तर कुठाय?"

"लिहिलंय की!"

"दाखवा बरं."

काकांचं बोट माझ्यावरून वरपासून खालपर्यंत फिरलं. परत फिरलं. मग थांबलं.

"अरेच्चा! मनात इतक्यांदा 'ये' म्हटलं, की लिहिलंच असं वाटलं."

"आणि ती समजली असती, आजोबांनी टाळलं."

काकांनी तिथल्या तिथे सगळ्यात वर इंग्रजीत लिहिलं, 'ये. नक्की ये.' चेहरा ताप उतरल्यासारखा झाला. माझाही जीव भांड्यात पडला.

तुमच्या हातात कुणी आपली वही दिली, तर भीड धरू नका. मायेनं वाचा आणि विचारा.

काल नात आली. टेबलावर तिची बॅग ठेवायची म्हणून मला उचलून फळीवर टाकलंय. माझी काही तक्रार नाही.