हबचा साचा

"नहीं जाएगा, अंकल," मेकॅनिक इस्माईल म्हणाला, आणि तरीही त्याने ॲक्सलच्या टोकावर हातोडा उगारलाच.

जयंत टिपणिसांनी त्याचं मनगट वरच्या वर धरलं. धरलं खरं, पण त्यांच्या हाताबरोबर इस्माईलचा हात आणि हातोडाही थरथरायला लागला. दोघंही अवघडले. इस्माईलने हातोडा खाली ठेवला आणि उगाच बोटं पुसायला घेतली.

दिल्लीच्या टोकाला, द्वारकेतल्या नव्या सोसायटीच्या इमारतीखाली त्यांची पांढरी छोटी गाडी विटांवर उभी होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली. पोटात नवा गिअरबॉक्स बसवून झाला होता. गिअरबॉक्समधून दोन बाजूंना दोन पोलादी दांडे निघतात, ते ॲक्सल. प्रत्येकाचं आतलं टोक गिअरबॉक्समध्ये जातं आणि बाहेरचं टोक चाकाच्या मधोमध असतो त्या हबमध्ये. दोन्ही टोकांना लांबट दाते असतात आणि समोरच्या भोकात तशाच खाचा. दाते खाचांत बसले तरच इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचणार. सकाळी आतलं टोक सुळकन बसलं होतं. बाहेरचं टोक मात्र हबच्या तोंडाशीच अडून बसलं होतं.

गाडी जुनी, चार गिअरची. बरीच वर्षं नंबर लावून मिळालेली. करोल बागेत राहत होते तोवर चार गिअर डोक्यावरून पाणी होते. तिथल्या गर्दीत चौथा गिअर सणासुदीलाच लागायचा. द्वारकेत आले आणि प्रकरण उलटलं. इथले रस्ते एवढे रुंद आणि एवढे रिकामे, की चौथ्यातही इंजिन बोंबलत राही. त्यात तिसरा गिअर आपोआप निसटायला लागला. तेव्हा टिपणिसांनी ठरवलं, त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा पाच गिअरवाला बॉक्स बसवायचा. करोल बागेतल्या कुलवंतसिंगच्या दुकानातून त्यांनी तो आणला, सोबत त्याचे ॲक्सलही आणले, म्हणजे कुठे काही राहायला नको. आणि जुना बॉक्स, जुने ॲक्सल तिथल्या तिथे बदल्यात देऊन टाकले.

घोळ इथे झाला. एरवी टिपणीस सुतळीचा तोडाही जपून ठेवणारे. पण घर बदलताना बायकोने, वृंदाने, बजावलं होतं, नव्या घरात जुनं भंगार आणायचं नाही. सोसायटीनेही गाड्यांच्या जागेत सामान ठेवायचं नाही अशी पाटी लावली होती. आयुष्यात पहिल्यांदाच माणसाने जुनं लगेच टाकून दिलं, आणि नेमकं तेच आता मापाला हवं होतं.

"हब भी नया डाल देते हैं," इस्माईलने सुचवलं. मग त्यानेच हिशोब मांडला. नवा हब घातला की ब्रेकची तबकडी बसणार नाही. ती बदलली की ब्रेक बदला. ब्रेक बदलले की चाकाची भोकं जुळायची नाहीत. एवढं बोलून तो स्वतःच हसला. बंगलोरहून देविका, त्यांची मुलगी, फोनवर गेले दोन महिने हेच सांगत होती, की बाबा, आता शोरूममध्ये जाऊन हवी ती गाडी उचलता येते, हे खेळणं सोडा.

पण टिपणिसांना गाडी नको होती, हे काम हवं होतं. दीड वर्षापूर्वी डावा हात थरथरायला लागला. मंत्रालयातल्या नोकरीत कारकून म्हणून अख्खं आयुष्य ज्या हाताखाली फाईल दाबून धरली, तो हात आता चहाचा कपही धरेना. त्यांनी वेळेआधीच निवृत्ती घेतली. डॉक्टर म्हणाले होते, हिवाळ्यानंतर गाडी चालवायची नाही. त्या दिवसापासून ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवायला बोलावलं तर येत, विचारलं तर बोलत. गिअरबॉक्सचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा माणूस उठला, बसने करोल बागेत गेला, पाना हातात घेतला. गाडी एकदा तरी पाचव्या गिअरात आपल्या हाताने चालवायची, मग खुशाल बंद, एवढंच त्यांचं मागणं होतं. वृंदाला ते माहीत होतं. हे अर्धवट राहिलं तर हा माणूस परत पलंगावर जाईल आणि पुन्हा उठणार नाही, हेही तिला कळत होतं.

त्या संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करूनच पडले होते. तिने चहा ठेवला, मग खाली गेली, इस्माईलला गाठून सगळं समजून घेतलं. मग गाडीजवळ उकिडवी बसली आणि हबच्या भोकात करंगळी घालून हळूहळू फिरवत राहिली. खिडकीत येऊन टिपणीस वरून बघत होते. ही काय करते आहे, त्यांना कळेना.

वर आल्यावर ती म्हणाली, "अहो, खाचा सरळ आहेत. कुठे वळण नाही. साचा अलगद बाहेर येईल."

"कसला साचा?"

"उद्या सामान आणते," ती म्हणाली, आणि पोळ्या लाटायला गेली.

वृंदा सरकारी दंतरुग्णालयात कवळ्या करायची. डॉक्टर नव्हे, तंत्रज्ञ. तळमजल्यावरच्या एका खोलीत बसायचं, वरून ठसे यायचे, त्यावरून जबडा घडवायचा आणि जबड्यावर दात. ज्यांच्यासाठी घडवायचे ती माणसं तिने कधी पाहिलेलीच नव्हती. लग्नाच्या नव्या नवलाईत मित्रांसमोर टिपणीस तिची थट्टा करायचे, की आमची बायको दिल्लीला दात देते. पुढे थट्टाही जुनी झाली. ती सकाळी जाते, संध्याकाळी येते, तिच्या नखांत पांढरी भुकटी असते, याखेरीज तिच्या कामाविषयी त्यांना काडीचीही माहिती नव्हती. एकदा बसमध्ये समोरच्या म्हाताऱ्याच्या हसण्याकडे ती टक लावून बघत बसली होती तेव्हा ते रागावले होते. ती म्हणाली होती, माझे आहेत ते. तेव्हा त्यांना ते विनोदी वाटलं होतं.

शनिवारी दुपारी ती रबरी वाडगा, चपटी सुरी आणि दोन पुड्या घेऊन खाली उतरली. आधी चिंधीने हबचं भोक पुसलं, पुसतच राहिली. मग व्हॅसलीनचा हात एवढा पातळ फिरवला, की फिरवला की नाही कळू नये. भोकाच्या मागून मेणाचा बोळा लावला. वाडग्यात पाणी घेऊन त्यावर जबड्याचे साचे ओतायची पिवळी भुकटी पेरली आणि कालवायला लागली. सुरी वाडग्याच्या कडेला घासत एका लयीत फिरत होती. मध्येच थांबून तिने वाडगा जमिनीवर हलके आपटला. बुडबुडे वर आले, फुटले.

"हे कशासाठी?" टिपणिसांनी विचारलं.

"एक बुडबुडा राहिला तरी तिथे खड्डा पडतो. मग तो माणूस जन्मभर त्या जागी दुखतंय म्हणतो."

तिने लगदा एकाच बाजूने, धारेधारेने आत सोडला. नंतर ती नुसती बसून राहिली. टिपणीसही शेजारच्या विटेवर बसले. घट्ट होताना ते गरम होतं, असं तिने त्यांचा हात धरून वर ठेवून दाखवलं. खरंच, आत कुणीतरी जिवंत असावं तसं ऊबदार लागत होतं. निवल्यावर तिने चिमटीत धरून सरळ ओढलं. न डुलवता, न हिसका देता. हबच्या भोकातून पिवळा खुंट बाहेर आला आणि त्यावर एकूण एक दाता उमटलेला होता. कडा ब्लेडसारख्या. टिपणीस तोंडात बोट घालून बघत राहिले. जे टोक त्यांनी आपल्या हाताने देऊन टाकलं होतं, ते तिने भोकातून परत काढलं होतं.

तिचं एवढ्यावर भागलं नाही. खुंटाला व्हॅसलीन लावून भोवती पुन्हा लगदा ओतला आणि त्याची कडी केली. आता कडीला आत हबसारख्याच खाचा होत्या. "नुसता खुंट डोळ्यांनी जुळवावा लागेल," ती म्हणाली, "डोळे फसवतात. ही कडी घालून बघता येईल." वरचा जबडा केला की खालचा केल्याशिवाय खरं काही कळत नाही, ही तिची सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं करोल बागेत गेले. रविवारीही नाईवाला गल्लीत, सुट्या भागांच्या त्या बाजारात, पाय ठेवायला जागा नव्हती. हाताची थरथर दिसू नये म्हणून टिपणिसांनी नवा ॲक्सल छातीशी कवटाळला होता. कडी वृंदाच्या डब्यात, कापसात.

कुलवंतसिंगने त्यांचे जुने ॲक्सल केव्हाच पुढे विकले होते. त्याने नव्या ॲक्सलचं टोक बघितलं, कडी बघितली आणि विचारात पडला. मग त्याला आठवलं. कंपनीने बॉक्स बदलला तेव्हा सुरुवातीला चाकं जुनीच होती. तेवढ्या काळात निघालेल्या गाड्यांचे ॲक्सल आत नवे, बाहेर जुने असे होते. "बीच का माल है, जी. मिल गया तो किस्मत," म्हणत तो माळ्यावर चढला.

धूळ खात पडलेले ॲक्सल एकेक करून खाली आले. पहिला हुबेहूब तसाच दिसत होता. कुलवंतने कडी त्यावर ठेवून दाबायला अंगठे लावले तशी वृंदा पुढे झाली. "ज़ोर नहीं लगाना," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण कुलवंतचे अंगठे उचलले गेले. दुसराही अडला. तिसऱ्याला तर तोंडच लागेना. शेवटी कोपऱ्यातून, गंजलेल्या तारेने एकत्र बांधलेली एक जोडी निघाली. वृंदाने पदराने टोक पुसलं, दांडा उभा धरायला लावला, वर कडी ठेवली आणि हात काढून घेतला.

कडी आपल्या वजनाने खाली उतरायला लागली. कुणी हात लावला नव्हता. सावकाश, न अडखळता ती शेवटपर्यंत गेली आणि टेकली. कुलवंतने ती वर उचलून पुन्हा सोडली. पुन्हा तशीच उतरली. टिपणिसांना एकदम भरून आलं. एवढी वर्षं ही बाई आपल्या ताटात वाढत होती, शेजारी झोपत होती, आणि तिच्या हातांत हे आहे याचा आपल्याला पत्ता नव्हता, असं वाटून त्यांना तिच्याकडे बघायचीही चोरी झाली.

आतलं टोक नव्या ॲक्सलशी ताडून बघितलं. तेही जुळलं. कोणत्या कारखान्यात काम करता, असं कुलवंतने तिला विचारलं. दातांच्या इस्पितळात, हे उत्तर ऐकून तो जरा चपापला, मग हळूच म्हणाला, की बीजीची, म्हणजे आईची, कवळी बोलताना वाजते, घेऊन येऊ का. वृंदाने त्याला वार सांगितला.

दुपारी इस्माईलने ॲक्सल हबमध्ये सरकवला. हातोड्याची गरज पडली नाही. नटचा शेवटचा पीळ टिपणिसांनी दोन्ही हातांनी दिला. गाडी विटांवरून उतरली. ट्रायल मी घेतो, असं इस्माईल म्हणाला, पण टिपणीस आधीच स्टिअरिंगमागे बसले होते. वृंदा शेजारी बसली. तिला गाडी येत नव्हती, कधी शिकायचा प्रश्नच आला नव्हता.

सोसायटीच्या फाटकाबाहेर तो मोठा रस्ता. दोन्ही बाजूंना अजून नुसत्या आखलेल्या जागा, लांबवर क्रेन, आणि विमान उतरताना दिसणारं मोकळं आभाळ. पहिला पडला. दुसरा पडला. तिसऱ्यासाठी त्यांनी गिअरचा दांडा धरला आणि हात ऐकेनासा झाला. गिअर खरवडला. पुन्हा क्लच दाबला, पुन्हा खर्र. हात जितका आवळावा तितका जास्त उडत होता. गाडी दुसऱ्यातच विव्हळत राहिली. गाडीचं सगळं जुळलं आणि माझंच जुळत नाही, एवढं त्यांच्या मनात आलं आणि समोरचा रस्ता डोळ्यांतल्या पाण्याने पुसट झाला. त्यांनी गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली.

"कुठे न्यायचा असतो तो?" वृंदाने विचारलं.

"मध्ये आणून वर," ते कसंबसं म्हणाले.

तिने त्यांचा हात दांड्यावरून उचलून स्टिअरिंगवर ठेवला आणि दांडा आपल्या मुठीत घेतला. "तुम्ही पाय सांभाळा."

त्यांनी क्लच दाबला. तिने क्षणभर वाट पाहिली, जागा चाचपली, आणि जोर न लावता दांडा वर नेला. तिसरा पडला. खडखड नाही, काही नाही. त्यांनी वेग दिला. चौथ्याला तिला सांगावंही लागलं नाही. इंजिनाचा आवाज चढला, त्यांचा पाय दबला आणि तिचा हात सरळ खाली आला.

"आता?"

"उजवीकडे, वर."

ती उजवीकडे झुकली. पाचवा पडला आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. द्वारकेत आल्यापासून कानांत असलेली ती ओरड थांबली. चाकांखाली रस्ता नुसता सरकत होता. टिपणिसांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, डावा थरथरत होता, पण गाडी सरळ चालली होती.

"अजून आहे का पुढे?" वृंदाने विचारलं.

"नाही. एवढेच."

"मग हात काढू?"

"राहू दे," ते म्हणाले.