डाव्या खांद्याची रायफल

शस्त्रागाराच्या उस्तादांनी पेटीचं झाकण उघडलं, रायफल बाहेर काढली आणि पेटीत पुन्हा डोकावून पाहिलं.

"उरलेली अर्धी कुठाय?"

सव्वीस वर्षं त्यांनी तुकडीच्या लांबलचक रायफली सांभाळल्या होत्या. ही नवी 'बुलपप' घडणीची रायफल त्यांना तोकडी वाटली. मॅगझीन ट्रिगरच्या पुढे असायचं, ते इथे मागे, पार दस्त्यात. त्यांनी हट्टाने नळीला मोजायचा टेप लावला. जुन्या नळीपेक्षा ती जेमतेम बोटभर कमी भरली.

"पोटातलं सगळं पाठीत नेऊन ठेवलंय," ते म्हणाले.

"दिसते मात्र ऐटबाज," रायफलींच्या साफसफाईला आलेली तुकडीतली शिपाई म्हणाली. नेमबाजीत तिचा हात कुणी धरत नसे, आणि तो हात डावा असल्याने सगळे तिला डावखुरीच म्हणत.

उस्तादांनी मॅगझीन काढलं, चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी पाहिलं, मग बोट घालूनही खात्री केली. दस्त्याचं मागचं झाकण उघडून, काडतूस नळीत ढकलणारा आणि रिकामं झालं की बाहेर फेकणारा बोल्ट ओढून काढला. नळीतून ब्रश फिरवला, चिंधी काळी यायची थांबेपर्यंत ओढली. तेल मात्र जुन्या सवयीने सढळ हाताने घातलं. जोडलेली रायफल डावखुरीने खांद्याला लावून पाहिली, तर तिचा गाल चकाकायला लागला.

"उस्ताद, ही पुसायची की तळायची?"

"जुन्या रायफलीत ते तेल गालापासून हातभर लांब असायचं," उस्ताद ओशाळून म्हणाले आणि चिंधी घेऊन पुन्हा पुसायला बसले.

मॅगझीन बसवताना तीनदा त्यांचा हात पुढे गेला आणि हवेत आपटला. "माशा आहेत का?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात पहिला मान डावखुरीचा होता. तिने रायफल डाव्या खांद्याला लावली आणि उस्ताद धावत आले.

"थांब पोरी. ती उजवीकडची खिडकी बघ. रिकामं काडतूस तिथून उडणार, आणि तिथे तुझा गाल आहे."

तिने रायफल खाली घेतली. तुकडीचे साहेब म्हणाले, "मग उजव्या खांद्याने मार. त्यात काय एवढं?"

तिचा चेहरा उतरला. शाळेत बाईंनी पेन्सिल उजव्या हातात कोंबली होती, तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या. उस्तादांना ते माहीत नव्हतं, पण उतरलेला चेहरा त्यांना दिसला.

"साहेब, अर्धा तास द्या," ते म्हणाले.

शस्त्रागारात त्यांनी आदल्या दिवशी बाजूला टाकलेलं माहितीपुस्तक उघडलं. पेटीच्या तळाशी एक छोटं पाकीटही निघालं होतं. जादाचा सुटा भाग समजून ते त्यांनी फडताळात ठेवून दिलं होतं. त्यात निघाला काडतूस डावीकडे फेकणारा बोल्ट. त्यांनी जुना काढून तो बसवला. उजवी खिडकी बंद करून डावी उघडायची होती, पण झाकण काही केल्या बसेना.

"द्या इकडे." डावखुरीने डाव्या अंगठ्याने ते दाबलं. टक्कन बसलं.

मैदानात उस्तादांनी आधी रायफल स्टँडवर बांधून तीन गोळ्या मारून पाहिल्या. काडतुसं डावीकडे, शिस्तीत पडली. मग डावखुरीने नव्या कागदावर दहा मारल्या.

साहेबांनी लक्ष्याचा कागद उन्हात धरला. "नऊच भोकं आहेत. दहावी कुठे गेली?"

"नवव्याच भोकातून गेली, साहेब," डावखुरी म्हणाली.

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. एका भोकाची कड खरोखरच दुहेरी होती. त्यांनी कागद खाली घेतला आणि रांगेकडे वळून विचारलं, "आणखी कुणी डावं आहे का?"

कुणी हललं नाही. मग रांगेच्या टोकाला उभ्या, निवृत्तीला आलेल्या हवालदारांनी सावकाश हात वर केला.

"इतकी वर्षं उजव्यानेच मारतोय," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नव्हतं."