दोरपट्टीला स्थगिती

निकाल थोरल्याच्या बाजूने लागला. दोर वळायची लांबलचक पट्टी त्याची ठरली आणि धाकट्या भावाने तिचा ताबा सोडावा, असा हुकूम झाला. आनंदाने ऊर भरून यायला हवा होता. आलाही, पण तो आनंद कोर्टापासून घरापर्यंतच टिकला. घरामागे पट्टीवर धाकटा नेहमीसारखा उलटा चालत होता, जणू हरलेला माणूस दुसराच कुणीतरी असावा.

त्यांच्या धंद्यात दोन कामं. एकाने पट्टीच्या तोंडाशी बसून चाक फिरवायचं. दुसऱ्याने कमरेला तागाचा भारा गुंडाळून, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवून, चाकाकडे तोंड करून मागे मागे जायचं आणि बोटांतून तंतू सोडत राहायचं. दोनशे पावलं. चाकाने पीळ बसायचा, बोटांनी दोर घडायचा, आणि वाटेतले अकरा खांब त्या दोराला जमिनीवर टेकू द्यायचे नाहीत. वडिलांनी थोरल्याला चाकावर बसवलं आणि धाकट्याला हाताला धरून चालायला शिकवलं.

इथेच काटा रुतला होता. थोरला चाक फिरवायचा आणि समोर बाप-लेक मागे सरकत लहान लहान होत जायचे. तोंडं त्याच्याकडे, ओठ हलताना दिसायचे, पण चाकाच्या घरघरीत एक शब्द ऐकू यायचा नाही. बाबा त्याला काय सांगत असतील? मला का नाही सांगत? चाळीस वर्षं झाली, बाबा गेले, दोघांचे केस पांढरे झाले, तरी हा प्रश्न मात्र अजून दहा वर्षांचाच होता. त्यात बाजाराने धाकट्याला ‘मागचाल्या’ नाव दिलेलं. गिऱ्हाईक म्हणायचं, मागचाल्याचा दोर द्या. चाकवाल्याचा दोर द्या, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. देवाने माणसाला डोळे दिले दुसऱ्याचं बरं बघून निवायला. मत्सर तेच डोळे उसने नेतो आणि परत करायचं विसरतो.

बाबा गेल्यावर कागद थोरल्याच्या नावाने निघाला. धाकट्याचं म्हणणं, बाबांनी पट्टी मला तोंडी दिली. तोंडी! म्हणजे पुन्हा तेच, दूर जाऊन बोललेलं, थोरल्याला न ऐकू आलेलं. थोरल्याने दावा लावला, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाक फिरवलं आणि मग जो उठला तो परत बसला नाही. वाटलं, आता धाकटा बसेल घरी. तर चार दिवसांत धाकट्याने चाकाला मोटर जोडली. माणूस माणसावर जळतो हे सगळ्यांनी पाहिलंय. थोरला मोटरीवर जळायला लागला. ती सुरू झाली की हा खिडकी लावून घ्यायचा आणि फटीतून बघत बसायचा.

निकालानंतर पंधरा दिवसांनी बेलीफ येऊन ताबा देणार होता. पंधरा दिवस कुणाला धीर? दुसऱ्याच दिवशी धाकटा अपिलासाठी वकिलाकडे गेलेला पाहून थोरल्याने पहार उचलली आणि अकराच्या अकरा खांब उपटून शेडमागे रचून ठेवले. तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण काम अर्धवट सोडायची सवय नव्हती. त्याने खड्डे बुजवले, माती चोपली, वर पाणी मारलं. संध्याकाळपर्यंत पट्टी तळहातासारखी साफ झाली.

पाचव्या दिवशी वरच्या कोर्टाने स्थगिती दिली. थोरल्याच्या वकीलबाईंनी त्याला समोर बसवून आदेश वाचून दाखवला. अपील निकाली निघेपर्यंत निकालाची अंमलबजावणी थांबली. तोवर पट्टी दावा दाखल झाला त्या दिवशी होती तशीच ठेवायची. थोरल्याने आठ दिवसांत खांब होते त्याच जागी रोवून द्यायचे. कोर्टाचा माणूस येऊन दोर ताणून बघेल. नाही जमलं तर कोर्टाचा शब्द मोडला असं धरलं जाईल आणि जिंकलेला माणूस अपिलात आरोपीसारखा उभा राहील.

“अहो, बेलीफ तुमचंच काम करायला येणार होता,” वकीलबाई म्हणाल्या. “जेवायचं ताट वाढून येत असताना कुणी स्वयंपाकघरात घुसून पातेलं पालथं करतं का?”

एक गोष्ट मात्र थोरल्याला गोड लागली. दावा लागला त्या दिवशी मोटर नव्हती, तेव्हा ती चालवायची नाही, असंही आदेशात होतं. म्हणजे धाकट्याला पट्टी मिळाली पण चाक मुकं झालं. थोरला घरी आला तो जवळजवळ शीळ घालतच.

शीळ दोन दिवसांत विरली. त्याने फीत आणून पट्टी मोजली, अकरांनी भाग दिला आणि सारख्या अंतरावर खांब रोवले. जुना दोर ताणून पाहिला तर मधोमध पोट जमिनीला लागलं. मधले खांब जवळ घेतले, तर टोकाला लोंबला. तिसऱ्यांदा अंदाजाने रोवले, तेव्हा दोर दोन ठिकाणी टेकला आणि एका ठिकाणी खांबाच्या खुंटीवरून उडून त्याच्याच कानशिलावर बसला. चाळीस वर्षं रोज समोर बघितलेले खांब, आणि एकाचीही जागा माहीत नाही! बघत होता तो धाकट्याकडे. खांबांकडे बघितलंय कुणी?

बायकोने कानाला हळद लावली आणि भावाला विचारायला सांगितलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असंही ऐकवलं.

“त्याच्यापुढे हात पसरू?”

“हात कशाला पसरता? तुमचं अडलंय त्याच्या पायांशी.”

मुदतीच्या सातव्या दिवशी सकाळी तो गेला. धाकटा बंद चाकाशेजारी पाटी पालथी घालून बसला होता. खांब उपटल्यापासून काम नाही, दाढी वाढलेली. थोरल्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली, पण बरं जरा जास्तच वाटलं.

“खांब कुठे होते?” त्याने उभ्याउभ्याच विचारलं.

धाकट्याने पायाने माती उकरून पाहिली. मग म्हणाला, “बसून नाही सांगता येणार, दादा. ताणलेला दोर हातात असला की पायांना कळतं. कुठे तो जड होतो, कुठे उचल मागतो. एरवी मलाही ही नुसती मातीच आहे.”

“मग चाल.”

“आणि चाक? मोटरीला कोर्टाने गप्प बसवलंय.”

दोघंही चाकाकडे बघत राहिले. थोरल्याच्या मनात आलं, नाही म्हणावं. उद्याचा दिवस जाऊ द्यावा. माझी नाचक्की होईल, पण याची चूलही बंद राहील. थोडा वेळ तो विचार जिभेवर ठेवून चघळत राहिला. मग चाकाची मोटर सोडवून बाजूला ठेवली, बैठकीवर बसला आणि मूठ धरली.

धाकटा मागे सरकू लागला. थोरल्याची बायको चुन्याचा डबा घेऊन बाजूने निघाली. धाकट्याने पाय आपटला की तिथे चिमूटभर चुना टाकायचा. पहिली खूण पंचवीस पावलांवर पडली, दुसरी अठरावर, मधल्या तर बारा-बारावर. कसला भागाकार आणि कसली फीत! थोरला बघत होता आणि आत तीच जुनी ठिणगी धुमसत होती. हे सगळं बाबांनी याला दिलं. पायांत घालून दिलं. मला लाकडाची मूठ.

दुपार उलटेपर्यंत दोघांनी मिळून खांब रोवले. बोलणं फक्त कामापुरतं: जरा डावीकडे, धर, ठोक. अकराव्या खांबापाशी, चाकापासून पार दुसऱ्या टोकाला, थोरला थांबला. लहानपणी बाबा आणि धाकटा इथवर येईतो मुठीएवढे दिसायचे. इथे तो कामाच्या वेळी कधी आलाच नव्हता. आता विचारलं नाही तर अपील संपेल, आपण संपू, पण हे कळणार नाही.

“बाबा तुला काय सांगायचे? इथवर येताना. रोज.”

धाकट्याने कपाळ पुसलं. “तुला ऐकू नाही यायचं?”

“चाक वाजायचं.”

धाकटा हसला, त्यात गोडवा फारसा नव्हता. “तुझंच सांगायचे. दादाच्या हाताकडे बघ, म्हणायचे. बघ, कसा एका चालीत फिरतोय. तो हात तुला जन्मात येणार नाही, म्हणून तुला चालायला लावलंय. दोनशे पावलं हेच. रोज. तुझ्याकडे तोंड करून हे ऐकत चालायचं, आणि चेहरा सरळ ठेवायचा.” त्याने पहार जमिनीत खुपसली. “तू उठून गेलास तेव्हा वाटलं, सुटलो. मोटर आणली. तिला हात नाही. दोर गाठाळ व्हायला लागला. बाजारात दोघांनी परत केला. ते मी कुणाला सांगितलं नाही.”

थोरल्याला काय वाटलं हे त्याला धड सांगता आलं नसतं. एवढं खरं, ते सगळंच चांगलं नव्हतं.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला.

“काय?”

“हाताचं.”

धाकट्याने तोंड वाकडं केलं, पण सांगितलं. थोरल्याने मान खाली घालून ऐकलं. मग वर बघितलं आणि डोळे बारीक केले.

“आणि परत जाताना? दोर सोडवून तुम्ही चाकाकडे यायचात, तेव्हाही बोलायचे. मी बघायचो.”

“ते उद्या सांगतो,” धाकटा म्हणाला. “उद्या चाकावर येणार असलास तर.”

दुसऱ्या दिवशी कोर्टाचा माणूस आला, दोर ताणून बघितला, सही घेऊन गेला. त्याच सकाळी थोरल्याला वकीलबाईंकडे जायचं होतं. स्थगिती उठवायच्या अर्जावर त्याची सही हवी होती. त्याने निरोप पाठवला, आज जमत नाही. बायकोने विचारलं, म्हणजे अर्ज नाही करायचा? तो म्हणाला, करायचा तर आहे. पट्टी माझीच आहे. पण आधी एक गोष्ट ऐकायची राहिलीय.

आणि धाकटा यायच्या आत तो चाकावर जाऊन बसला.